आधी शिट्टी, मग हात

जॅक्सन, ४ ऑक्टोबर १९८८

ती. ओझेला मावशीस,
सा. न. वि. वि.

डेलरॉयच्या फुटबॉल सामन्याची कॅसेट पाहिली. तुझा नातू अंगापिंडाने आमच्या कॉलेजच्या बचावफळीत शोभेल. समोरच्याला असा आडवा करतो की बघत राहावं. पण मग तिथंच थांबतो. चेंडू काखेत मारून पळणारा निघून जातो आणि हा आपला वाकून उभा. आमचे मुख्य कोच म्हणाले, पोरगं आळशी आहे. फुकट शिक्षणाची एकच जागा उरली आहे, नोव्हेंबरात ठरेल. घरी कष्टाला कसा आहे ते खरं सांग. आजी म्हणून नको सांगू.

तुझा,
लुशियस

बेल्स क्रॉसिंग, १० ऑक्टोबर

चि. लुशियस यास आशीर्वाद.

आजी म्हणून सांगायची मला सवय नाही. डेलरॉय सकाळी आपणहून उठत नाही. झाडूच्या दांड्याने, लांबून उठवावा लागतो. मक्याच्या भाकरीचा अख्खा तवा संपवून विचारतो, जेवायला काय आहे. पण एकदा उठला की कोंबड्यांच्या खाद्याची पोती दोन-दोन उचलतो आणि सांगितलेलं काम अर्धं टाकत नाही.

वाकून उभं राहणं ही माझी करणी. बारा वर्षांचा असताना त्याने खेळात प्रुइटच्या पोराचा खांदा मोडला. चर्चमध्ये प्रुइटची बायको माझ्या पुढच्याच बाकावर बसते. सबंध प्रवचनभर ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. घरी येऊन मी याला दम भरला, ज्याला पाडशील त्याला हात देऊन उठवायचं, मगच पुढचं. तो अजून पाळतोय. चेंडू तेव्हा कुठं असतो, हे मी विचारलं नव्हतं.

आता सांगितलंय, पंच खेळ थांबवेपर्यंत चेंडूमागे पळायचं. आधी शिट्टी, मग हात. तर म्हणतो, आजी, हे आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तू का नाही विचारलंस, बैलोबा? शेवटच्या सामन्याला तू स्वतः ये.

तुझी मावशी

जॅक्सन, १४ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सामन्याला मुख्य कोचनाही घेऊन आलो होतो. डेलरॉयने चेंडू फेकणाऱ्याला पाच वेळा पाडलं आणि पाचही वेळा शिट्टीनंतर उठवलं. पंच घसरून पडले, त्यांनाही उठवलं. कोच म्हणाले, आळशी हा शब्द मी मागे घेतो. जागा डेलरॉयची. ऑगस्टात पाठव.

लुशियस

बेल्स क्रॉसिंग, ११ ऑगस्ट १९८९

चि. लुशियस यास आशीर्वाद.

डेलरॉय उद्याच्या बसने निघतोय. दोन दिवस पोती उचलतोय, वर्षभराची रचून ठेवतो म्हणाला. एवढी रचलीत की कोंबड्यांना दार सापडत नाही.

त्याच्या सामानात झाडूचा दांडा बांधला आहे. तिकडे तूच उठव, लांबून. मला इथं आता कुणाला उठवायचं नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे.

मावशी