पान २१४ आणि अप्पांची सहा पुस्तके

मी, सौंदर्या सोमशेखर पट्टणशेट्टी, वय ३२, अविवाहित, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. धोका कमी आहे असे डॉक्टर म्हणतात. किती कमी, असे विचारल्यावर त्यांनी आकडा सांगितला. तो शून्य नाही, म्हणून हा कागद. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सल्ले मात्र पुष्कळ झाले.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

२. बावड्याचा फ्लॅट, त्यातील सामान, बँकेतील शिल्लक व स्कूटर माझा भाऊ चन्नवीर याला मिळावी. सोल्डरिंगचा संच व मल्टिमीटर आमच्या विभागातील शिकाऊ मुलींना द्यावा. मल्टिमीटरची काळी वायर सैल आहे. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, पुन्हा मोजावे.

३. माझे वडील सोमशेखर, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, कोल्हापूरच्या एका दैनिकात एकतीस वर्षे पत्रकार होते. त्यांनी मुस्लिम जगाच्या इतिहासावर व राजकारणावर मराठीत सहा पुस्तके लिहिली: तुर्कस्तान, इराण, अरब देश, इजिप्त, इंडोनेशिया आणि फाळणीनंतरचा उपखंड. ते कधी देशाबाहेर गेले नाहीत. "सौदीला जाऊन आलाय काय हो?" असे लोक त्यांना तोंडावर विचारत. ते म्हणत, "तुम्ही दिल्लीला न जाता दिल्लीवर बोलताच की." ही पुस्तके सत्काराला सोनेरी कागदात बांधून देण्यासाठी बरीच खपली. त्यांतली कित्येक त्याच कागदासकट लोकांच्या कपाटांत मी पाहिली आहेत. तरीही या पुस्तकांवर प्रत्येकाचे मत ठाम आहे.

४. अप्पा २०२१ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार सहाही पुस्तकांचे लेखनहक्क माझ्याकडे आले. ते २०८१ अखेरपर्यंत चालतील. मी मृत्युपत्र केले नाही, तर ते चन्नवीरकडे जातील, आणि त्याने तिसऱ्या पुस्तकाची दोन प्रकरणे वेगळी छापायचा शब्द हंबीररावांना देऊन टाकला आहे. हंबीरराव हे आमच्या भागातील पुढारी. "अगं, कोण वाचतंय ते?" चन्नवीर मला म्हणाला. "ते छापायला तयार हाईत तर छापू देत की. अप्पाचं नाव तरी राहील." कोणत्या वाक्याखाली राहील, हे त्याने विचारले नाही. त्या दोन प्रकरणांत पान २१४ येते.

५. पान २१४ विषयी. "या समाजाला लोकशाही मानवत नाही," हे वाक्य अप्पांचे नाही. ते एका इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालातील आहे. पहिल्या आवृत्तीत ते वेगळ्या चौकटीत, अधिकाऱ्याच्या नावासह व तळटिपेसह छापले होते. पुढची तीन पाने अप्पांनी त्याचे खंडन केले आहे.

२०१६ साली दुसऱ्या आवृत्तीसाठी छापखान्याच्या जुन्या फायली नव्या फॉन्टमध्ये आणायच्या होत्या. त्यासाठी मी प्रोग्राम लिहिला. त्याने चौकटींतला मजकूर मुख्य मजकुरात मिसळला आणि तळटिपा गाळल्या. अधिकाऱ्याचे नाव तळटिपेबरोबर गेले. मी अक्षरे ताडून पाहिली, अर्थ पाहिला नाही. अप्पा म्हणाले होते, "प्रुफं एकदा बघू दे." मी म्हणाले, "गरज नाही, मशीनने तपासलंय."

हंबीररावांनी ते वाक्य सभेत वाचून दाखवले. मग ते अप्पांच्या फोटोसह फोनवर फिरले. पुढची तीन पाने कोणी उलटली नाहीत. अप्पांनी दैनिकात चार ओळी दिल्या: "ही माझी नजरचूक आहे." ती त्यांची नव्हती, माझी होती. मी गप्प राहिले. कारण लिहीत नाही, कारण समर्थन होईल असे कारण नाही.

६. दस्तगीर मुल्लाणी, निवृत्त उर्दू शिक्षक, मी त्यांना चाचा म्हणते, एकोणीस वर्षे दर गुरुवारी आमच्याकडे येऊन अप्पांना उर्दू वर्तमानपत्रे वाचून दाखवत. या पुस्तकांतला निम्मा आधार त्यांच्या वाचनाचा आहे. पहिली आवृत्ती त्यांना पाठ होती. दुसरी हातात घेऊन ते आले आणि दारातूनच त्यांनी विचारले, "सोमू, सायबाचं नाव कुणी काढलं?" मी आत होते. अप्पा म्हणाले, "मीच." त्यानंतर चाचा आमच्याकडे आले नाहीत.

७. परवा मी त्यांच्या घरी जाऊन हा मसुदा वाचून दाखवला. कलम ५ संपल्यावर ते म्हणाले, "नऊ वर्सं मी तुझ्या बापाला शिव्या घातल्या की गं. मातीला बी आलो न्हाई त्याच्या."

लेखनहक्क त्यांना देण्याचा माझा विचार होता.

"मला? आन मग हंबीरराव उद्याच म्हणंल, बघा, मुल्लाण्यानं पोरीकडनं लिवून घेतलं. दुसऱ्या कुणाला तरी दे." पुढे त्यांनी विचारले, "ही कबुली लोकांनी वाचायची कवा?"

"माझ्या पश्चात."

"म्हंजे तू मेलीस तर. आन जगलीस तर? कपाटात?"

रचनेतला दोष त्यांनी एका प्रश्नात दाखवला.

८. सहाही पुस्तकांचे लेखनहक्क, अप्पांची हस्तलिखिते व कात्रणे माझी मैत्रीण स्वप्नाली केरबा पाटील, ग्रंथपाल, जयसिंगपूर, हिला मिळावीत. या मृत्युपत्राची एक्झिक्युटरही तीच. तिसरे पुस्तक छापायचे तर पहिल्या आवृत्तीप्रमाणे, चौकटी व तळटिपांसह, पूर्ण छापावे. पूर्ण छापता येत नसेल तर छापू नये. निवडक प्रकरणे कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देऊ नयेत. चन्नवीरने यावर हरकत घेतल्यास त्याने आधी पुस्तक वाचावे. त्याच्याकडे प्रत आहे.

९. मृत्युपत्र करणाऱ्याला ते हयातीत केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. कलम ५ मला रद्द करता येऊ नये, म्हणून त्याची सही केलेली प्रत आज सकाळी मी अप्पांच्या दैनिकाच्या कचेरीत स्वतः नेऊन दिली. ती रविवारी छापून येईल. शस्त्रक्रिया मंगळवारी आहे.

वरील मजकूर मी वाचून, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्यासमक्ष सही केली. त्यांनी माझ्यासमक्ष केली. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

सही: सौंदर्या सोमशेखर पट्टणशेट्टी

साक्षीदार:
१. आकाराम धोंडीराम चौगले, वय ५६, नोकरी, कसबा बावडा
२. दस्तगीर बाबालाल मुल्लाणी, वय ७४, निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार