ओटी भरलेला इमू

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

वैराग, सोमवार (उपवासाचा)

तीर्थस्वरूप कस्तुराआक्कांच्या चरणी भावजय श्रीदेवीचा दंडवत.

तुम्ही पाठवलेली केळी पोचली. फण्या तीन, पैकी एक एसटीत कुणाच्या तरी बोचक्याखाली दबलेली, तिचं शिकरण केलं, वाया काही घालवलं नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? धरणाकाठचा गारवा पौषात बाधतो, ओवा घालून तेल चोळत जा. दाजींचा मोटरपंप पुन्हा जळला नाही ना?

आमच्याकडे दसऱ्याला आलेला माल असा. इमू पक्षी, नग दोन, साडेतीन हजार. (एक नर, एक मादी, कुठला कोण ते विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि तुमच्या बंधूंनी विचारलं नाही.) टेम्पो नऊशे. जाळी जुनी, अकराशे. टेम्पोवाल्याची पँट पक्ष्याच्या नखाने फाटली, तिच्या रफूचे साठ.

इमूचा धंदा आपल्या भागात बसून बारा-तेरा वर्षं झाली, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तुमच्या बंधूंना मात्र ही बातमी यंदा कळली, आणि तीही अशी, की चिंचोळी एमआयडीसीच्या पलीकडे एकजण शेवटची जोडी अगदी स्वस्तात काढतोय. घरी आल्यावर त्यांनी मला उपयोग वाचून दाखवले. मांसाला चरबी नाही. तेल सांधेदुखीवर. कातड्याच्या पर्सा. अंडं एकच फोडलं की घरभर आम्लेट. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की यातलं आपल्या घरात नेमकं काय करायचं? तुमच्याच माहेरात, आक्का, अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी सासूबाई चूळ भरायच्या. गळ्यात लिंग असलेल्या माणसाने खाटकाचा माल उधळपट्टी करून आणला, असं दुसरं घर तालुक्यात सापडणार नाही. यावर हे म्हणाले, "उपयोग काय, निघतील हळूहळू."

मग मीच काढायला बसले, कारण दोघांचा खुराक चालू होता. ज्वारी हुरड्यात आल्यावर पाखरं हाकायला एकाला रानात सोडलं. पाखरं पहिल्या दिवशी घाबरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं, की हा त्यांच्यापेक्षा जास्त खातोय, आणि ती त्याच्या शेजारी बसून खाऊ लागली. राखणीला दारात बांधलं, तर लाइटच्या मीटरवाल्याचं पेन गिळलं. (आकडा लिहायचा राहिला, त्या महिन्याचं बिल अंदाजे आलं आणि ते जास्तच आलं.) गळलेल्या पिसांचा झाडू बरा होतो, एका देठाला दोन-दोन पिसं असतात, पण तो देव्हाऱ्यात चालतो का हे मठातल्या स्वामींना विचारायचं धाडस होत नाही, म्हणून तूर्त टीव्हीवर फिरवते.

कार्तिकात गोठ्याच्या कोपऱ्यात भुशामध्ये एक काळपट हिरवं गोल दिसलं. मला वाटलं, रानातून आणलेली कच्ची पपई घरंगळली, पदरात घालून स्वयंपाकघरात नेली. विळीवर धरणार तोच हे ओरडले, म्हणून वाचले. त्या दिवशी सगळं स्वयंपाकघर गोमूत्राने धुतलं. पपई जागच्या जागी परत ठेवली. पुढे अशा नऊ झाल्या, आणि एक पक्षी त्यांच्यावर जो बसला तो बसलाच. दाणा नाही, पाणी नाही. माझे सोळा सोमवार त्यापुढे फिके पडले. मी रोज सकाळी जप त्याच्यापाशीच बसून करू लागले. तिथे लक्ष लागतं.

शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या, "पयलटकरीण हाय बिचारी, माहेर लांब समुद्रापल्याड. तुमीच वटी भरा की वैनी." मला ते पटलं. पाच सवाष्णी बोलावल्या. हिरवा खण, नारळ, तांदूळ, पाठीवर हळदी-कुंकू. पाळणाही म्हटला. पक्षी मान खाली घालून बसला होता, आम्हाला वाटलं लाजतेय.

तेवढ्यात मेंढरं घेऊन चाललेला बिरुदेव कुडापाशी थांबला. त्याने पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाला, "वैनी, ह्यो गडी हाय की!"

"काहीतरीच बोलू नको," मी म्हटलं.

"आवं, बाई ती बघा तितं, ढोल वाजवल्यागत घुमतीया. गुरगुरतोय त्यो बाप्या. ह्यांच्यात बाई अंडी देती आन् उंडारती. बसायचं काम गड्याचं."

आक्का, सोजरबाईंनी लगेच आपल्या मालकांना, येडूभाऊंना, हाक मारून आणलं. "बघा जरा. म्हैनाभर झाला हलला न्हाय. च्या मागत न्हाय, तंबाकू मागत न्हाय." दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक बाईला नवऱ्याला दाखवायला काहीतरी सापडलं. पोरगं रडलं की 'इमू बघून या' म्हणतात. येडूभाऊ आता नातवाला झोळीत घालून झोके देतात आणि झोके देताना आमच्या घराकडे बघून दात खातात. परवा पारावर ते यांना म्हणाले, "शिवअण्णा, तुमचं पाखरू हलवा, न्हायतर आमाला लुगडी घ्यावी लागतील."

हे चार माणसांत फार अवघडले. घरी येऊन त्यांनी परजिल्ह्यातल्या एका तेलवाल्याला फोन केला. तो पुढच्या गुरुवारी गाडी घेऊन येतोय, दोन्ही पक्षी नेणार, आणि पक्ष्यातून तेल कसं निघतं हे मी तुम्हाला सांगायला नको. बिरुदेवच्या हिशोबाने अंडी फुटायला अजून सोळा दिवस आहेत.

आक्का, मी त्याची ओटी भरली आहे. गडी निघाला हा माझा दोष, त्याचा नाही. ओटी भरली म्हणजे हे घर त्याचं माहेर झालं, आणि माहेरातून त्याला सुरीखाली पाठवलं तर मी सिद्धरामेश्वरापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू? यांना सांगितलं, तर म्हणाले, "गड्याला कसलं माहेर?" बाकी सर्व क्षेम. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
श्रीदेवी

ता. क. तुमचा शब्द हे मोडत नाहीत. गुरुवारच्या आत यांना पंधरा-वीस दिवसांसाठी तिकडे बोलावून घ्या. तेलवाला आला की 'मालक घरी नाहीत' एवढं मी म्हणेन, आणि ते खरंच असेल.

ता. क. २. आजारी आहे म्हणून मात्र लिहू नका, अशुभ असतं. इमू पाळायचा विचार आहे, सल्ला द्यायला ये, असं लिहा; चप्पल न घालता निघतील. (उपवासाच्या दिवशी माझ्या हातून खोटं लिहिलं जाणार नाही, म्हणून हे तुम्हीच लिहायचं आहे.)

ता. क. ३. वीस दिवस यांचं ऐकून तुम्हाला खरोखरच इमू पाळावेसे वाटतील. म्हणजे तुमचं पत्रही खोटं ठरणार नाही. नऊपैकी सहा पिल्लं मी तुमच्या नावे धरली आहेत, ती तिकडे न्यायच्या टेम्पोचं भाडं दाजींनी द्यावं. दाजींना आधी काही बोलू नका, आणि उलट टपाली, स्पीडपोस्टाने कळवा.