बाईंनी फुली मारलेली जागा

प्रिय बाई,

तुम्ही हे जग सोडून गेल्याचं मागच्या महिन्यात कळलं. तुमच्या भूजल खात्याच्या जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तेव्हा गाडी घेऊन कामावर गेलो. काल मात्र हिंगणघाटकडच्या एका गावात असं घडलं, की घरी येऊन हात धुतले आणि लिहायला बसलो. तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

दुष्काळातला तो उन्हाळा आठवतो? मी बोअरिंगच्या गाडीवर मजूर, आणि गाडी माझ्याच गावात उभी! आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया गावविहिरीपाशी ताटकळायच्या; कोणी वरून ओतलं तरच घागर भरायची. तुम्ही भर उन्हात लोखंडी खुंट्या रोवल्या, तारा जोडल्या, यंत्रानं जमिनीखालचं पाणी तपासलं आणि आमच्या वस्तीमागं, नाल्याकाठी चुन्याची फुली मारलीत. माझी आई म्हणाली, "अवो बाई, खरंच? आमच्या दारात?"

आमदारसाहेबांना बोअर मारुतीच्या पारापाशी हवा होता. "बाई, तुमचं यंत्र ठीक आहे हो. पन गावाचं मन मोडता येते काय?" त्यांनी पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं. खाली पाणी असलं की तो उभा राहतो म्हणे. पारापाशी राहिला की टुणकन उभा! तुमच्या लेखी हरकतीची साहेबांनी घडी केली आणि वारा घेतला.

दुपारपर्यंत पारापाशी भोक पाडलं, निघाली नुसती धूळ. साहेबांचा पांढरा सदरा राखाडी झाला. दुसऱ्या दिवशी गाडी आर्वीकडं जायची. मग आमच्या गावाला कोण विचारतो? तेवढ्यात साहेब कार्यकर्त्याच्या कानात पुटपुटले, "कसंही करून पानी दाखवा रे." माझे कान तिखट, तुम्हाला ठाऊकच आहे. मी पाणाड्याला बाजूला घेतलं.

"काका, नारळ आता नाल्याकडं चालू द्या. नाईतर गाव हसन तुमाले."

"अन् साहेब?"

"साहेबालेच तर सुटका पायजे!"

नारळ तुमच्या फुलीवर उभा राहिला. पाणी लागलं. संध्याकाळी अख्खं गाव घागरी घेऊन आमच्या दारात! आणि तुम्ही? रागानं लाल. मी पाणाड्याशी कुजबुजलेलं तुम्ही पाहिलं होतं.

"बाई, पानी लागलं ना? मंग काऊन रागावून राह्यल्या?"

"आज तुम्ही नारळ माझ्या खुणेवर उभा केलात. उद्या दुसरा कोणी भलतीकडे करेल. मग?"

आणि जीपमध्ये बसून निघून गेलात. आई लोटा भरून उभी होती, बाई! घोटभर तरी प्यायचं होतं.

आता गाडी माझी आहे. काल पुन्हा एक आमदार, पुन्हा नारळ. मी किल्ली खिशात टाकली. "साहेब, जागा तपासल्यावरच गाडी चालू होईन."

"मी कोन आहो, मालूम आहे ना तुले?"

"मले मालूम आहे जी. जमिनीले नाई."

क्षणभर वाटलं, गेला धंदा! तोच मागून एक म्हातारी हसली, मग सगळेच. साहेबांनाही हसावं लागलं. तुमच्या खात्याचा पोरगा आला, यंत्रानं तपासलं, जागा बदलली, पाणी लागलं. केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! या वेळी कोणाला फसवावं लागलं नाही.

तुम्हाला शब्द देतो. माझी गाडी चालेल तोवर तपासल्याशिवाय एकही भोक पाडणार नाही. मग कधी कोरडं निघालंच, तर गावासमोर उभं राहून तेही सांगीन.

जय भीम, बाई.

तुमचा,
भीमराव बोअरिंगवाला