बॉनेटखालच्या गप्पा

अल नहदा, शारजा
रविवार, १४ डिसेंबर २०२५

अलीमियाँ यांस,

तुम्हाला सलाम आणि अफशाभाभींना नमस्कार. अक्षर बघून गोंधळला असाल. सुरेशचं नाही, विभावरीचं आहे, तुमच्या वहिनीचं. आम्ही तिघंही बरी आहोत. आभा दहावीत गेली आणि माझ्याशी आता फक्त इंग्रजीत भांडते. तुमचा गुडघा कसा आहे? राजापूरच्या हवेत दुखणं कमी झालं असेल, असं मीच आपलं धरून चाललेय.

इथे थंडी सुरू झाली. आज सकाळी बाल्कनीचा कठडा दवाने ओला होता आणि समोरचा टॉवर धुक्यात अर्धा गायब. तेरा डिग्री. पुण्यातली माझी बहीण हसते, म्हणते ही कसली थंडी? पण वारा सुटला की हाडं कशी वाजतात ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात इथे लोखंडाला हात लावायची सोय नाही, म्हणून आमच्या जुन्या पजेरोची सगळी दुखणी डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवलेली असायची. असे तीन हिवाळे तुम्ही बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर, गार वाळूत पाठीवर पडून काढलेत. दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, आणि तेही फुकट.

हमरिया फ्री झोनबाहेर सुरेशची गाडी बंद पडली आणि तुम्ही तुमच्या वर्कशॉपमधून हात पुसत बाहेर आलात, ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मीच तिथे होते असं वाटतं. इंजिनाला कान लावण्याआधी तुम्ही विचारलंत, "गाव कुठलं?" सुरेश म्हणाला, आजोळ लांजा. झालं! राजापूर आणि लांजा, म्हणजे जणू एकाच घरातली दोन पोरं. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा मी जेवण तीनदा गरम केलं होतं. त्याचं लक्षच नव्हतं. "विभा, काय माणूस भेटला म्हणून सांगू!" मला भेटल्यावर असं त्याने कोणाला सांगितलं होतं का, कोण जाणे.

आता पाटी कोरी करूनच लिहिते. मला तुमचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्द सभ्य झाला. मी जळायचे.

तुम्ही म्हणाल, वहिनी, साठीला टेकलेल्या, गुडघे धरून उठणाऱ्या माणसावर कसलं जळता? दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, मोकळेपणाने भांडता तरी आलं असतं. पण मी कोणाला सांगणार, की माझा नवरा रविवारी सकाळी सात वाजता एका मेकॅनिकबरोबर हसतो म्हणून मला त्रास होतो? आमचा दुसरा मजला, त्यामुळे बाल्कनीत सगळं ऐकू यायचं. घरात सुरेशकडे तीन शब्द आहेत: हं, बघू आणि ओके. खाली बॉनेट उघडलं की हाच माणूस तास तास बोलायचा. शाळेतले मास्तर, आजोळची विहीर, दुबईच्या ऑफिसातलं राजकारण, काय वाट्टेल ते. वीस वर्षांच्या संसारात त्या विहिरीबद्दल मला कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. आभा एकदा म्हणाली, "मम्मा, व्हाय आर यू ऑलवेज इन द बाल्कनी?" मी म्हटलं, कपडे वाळत घालतेय. हातात एकही कपडा नव्हता.

आणि ती माझी शेकायची रबरी पिशवी! थंडीत गार लोखंडी पाने हाताला चावतात, म्हणून तुम्ही ते टॉवेलमध्ये गुंडाळून गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायचात. तुमची ती युक्ती सुरेशला इतकी आवडली की तो वर आला आणि माझ्या कमरेखालची पिशवी काढून घेऊन गेला. "दहा मिनिटं दे गं, अलीमियाँचे हात आखडलेत." कमरेत उसण भरलेली बायको पलंगावर तशीच, आणि खाली तुमचे पाने शेकतायत. आज लिहिताना हसू येतंय. त्या दिवशी मी रडले होते.

तरी मी चहा पाठवत राहिले, पोहे पाठवत राहिले. तुम्ही दर वेळी मान वर करून ओरडायचात, "वैनी, आज कोथिंबीर मस्त पडलीय!" तुम्ही चांगले होतात हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाचा राग करणं किती सोपं असतं.

आता गेल्या जानेवारीचं सांगते. पाच तारखेचा रविवार. सुरेश चहाचा थर्मास वरच विसरला होता म्हणून मी तो घेऊन स्वतःच खाली आले. तुम्ही दोघं गाडीच्या पुढच्या बाजूला होतात, बॉनेट वर, त्यामुळे मी तुम्हाला दिसले नाही. सुरेश बोलत होता. कंपनी माणसं कमी करतेय, यादीत त्याचं नाव आहे, दीड महिना झाला, झोप लागत नाही. मग त्याचा आवाज फुटला. अलीमियाँ, लग्नापासून मी त्याला रडताना पाहिलेलं नाही, त्याचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही. तुम्ही नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवलात. मी थर्मास तिथेच वाळूत ठेवला आणि जिन्याने वर आले.

दुपारी त्याने स्वेटर धुवायला टाकला. पाठीवर तुमच्या ऑइलच्या पंजाची पाचही बोटं उमटली होती. मी तो तीनदा धुतला. रात्री जेवताना विचारलं, ऑफिसात सगळं ठीक ना? म्हणाला, "हं."

पुढच्या रविवारी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बारा तारीख होती. साडेआठच्या सुमाराला नगरपालिकेची गाडी आली. उघड्यावर गाड्या दुरुस्त करायच्या नाहीत, वाळूत ऑइल सांडतं, कोणाची तरी तक्रार आलीय, असं इन्स्पेक्टर सांगत होता. बोलायला शांत होता बिचारा. सुरेशला दंडाचा कागद देऊन तो गेलाच असता. निघता निघता त्याने तुमच्याकडे बोट करून सहज विचारलं, "हू इज दिस?"

आणि आमच्या शहाण्याने छाती काढून सांगितलं, "माय मेकॅनिक, सर! बेस्ट मेकॅनिक इन शारजा!"

"मेकॅनिक? विच कंपनी? हबीबी, आयडी."

कार्ड हमरियाच्या कंपनीचं, काम अल नहदाच्या प्लॉटवर, म्हणजे इथल्या कायद्याने गुन्हाच. पैसे घेत नाही, दोस्त आहे, हे सुरेशने मग दहा वेळा सांगितलं, पण पहिला शब्द तोंडातून गेला होता. तुमच्या कंपनीला पत्र गेलं, कंपनीने झंझट नको म्हणून व्हिसा कॅन्सल केला. बावीस वर्षांची नोकरी तीन आठवड्यांत खलास. तुम्ही निरोप घ्यायला आलात तेव्हा सुरेश तुमच्याकडे बघू शकत नव्हता. तुम्हीच त्याला समजावत होतात, "सुरेशभाऊ, इन्शाल्ला, गावात पण गाड्या आहेत."

बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात, तक्रार पाचव्या मजल्यावरच्या माणसाने केली. तो पार्किंगवरून सगळ्यांशी भांडतो, त्यामुळे ते लगेच पटतं. मीसुद्धा लिफ्टमध्ये मान डोलावलीय.

तक्रार मी केली होती, अलीमियाँ.

गुरुवारी सकाळी, सुरेश ऑफिसला गेल्यावर, पोळ्यांची कणीक भिजवून झाल्यावर. फोन लावला, प्लॉटचा नेमका पत्ता दिला, गाडीचा नंबर दिला, रविवारी सकाळी सातनंतर या म्हणूनही सांगितलं. पलीकडची बाई मला थँक यू म्हणाली. तुमचं नाव मी घेतलं नाही. तुमचा व्हिसा, कार्ड, कंपनी यातलं काही माझ्या डोक्यातच आलं नाही, शपथेवर सांगते. मला वाटलं गाडी उचलून नेतील. गाडी गेली की बॉनेट गेलं, बॉनेट गेलं की गप्पा गेल्या, मग हा माणूस बोलायला घरात येईल. एवढाच माझा हिशेब. त्या सकाळी मी वर उभी राहून बघत होते. इन्स्पेक्टरने कार्ड मागितलं तेव्हा धावत खाली येऊन, साहेब, हे आमच्या घरचे आहेत, असं म्हणायला मला दोन मिनिटं लागली नसती. मी हलले नाही.

गाडी इथेच आहे. गेलात तुम्ही.

आणि आता खरं लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते: तुम्ही गेल्यावर चार दिवस मला आनंद झाला होता. रविवारी तो घरी, सोफ्यावर, माझ्यासमोर. मी थालीपीठं लावली. तो जेवला, म्हणाला, ओके. पाचव्या दिवशी मला कळलं की मी काय करून बसलेय.

सुरेशची नोकरी वाचली, हे त्याने तुम्हाला कळवलेलं नसणार. त्याने तुम्हाला काहीच कळवलं नाही, कारण त्याला वाटतं तुमचं वाटोळं त्याने केलं. वर्षभर एकच वाक्य चाललंय. भात कालवताना, सिग्नलला थांबल्यावर, मध्येच केव्हाही. "विभा, मी त्याला मेकॅनिक म्हणालो गं. मित्र म्हणालो असतो तर?" बघा, शेवटी बोलतो माझ्याशी. तेही तुमच्याचबद्दल. आणि प्रत्येक वेळी मी म्हणते, "जाऊ दे रे, तुझी काय चूक?" एकदाही पुढचं वाक्य म्हणत नाही. मनात येतं, मी सांगितलं तर तो माझ्याशी उरलेले तीन शब्दसुद्धा बोलणार नाही.

आज सकाळी थंडी बघून तो टूलबॉक्स घेऊन खाली गेला. गाडी आता पैसे भरून शेजारच्या पार्किंगमध्ये असते, कव्हर घातलेली. त्याने कव्हर काढलं. अर्धा तास खिशात हात घालून उभा राहिला, मग कव्हर घालून वर आला. "पाना हातात घेववत नाही," म्हणाला आणि आंघोळीला गेला. मी वही काढली.

माफी मागत नाही. तुमच्या बावीस वर्षांना पुरेल अशी माफी मला कुठून मिळणार? तुम्ही मला शिव्या घाला, अफशाभाभींना वाचून दाखवा, राजापुरात सांगा. पण त्याला एकदा कळवा की त्याच्या त्या शब्दाचा राग तुम्हाला नाही. माझं ऐकून तो सुटणार नाही. तुमचं ऐकेल. लिहितानाही पोटात दुखतंय, पण खरं आहे.

तुमचा इथला नंबर बंद झाला, आणि गावचा पत्ता माझ्याकडे नाही. तो तुम्ही जाताना सुरेशच्या डायरीत लिहून दिला होता आणि ती डायरी तो ऑफिसच्या बॅगेतून बाहेर काढत नाही. चोरून बघता आला असता. चोरून एकदा फोन केलाय, तेवढं पुरे.

तेव्हा लिफाफा चिकटवत नाही. तो आंघोळ करून आला की हे कागद त्याच्या हातात देणार आहे, आणि म्हणणार आहे, वाच, आणि वर अलीमियाँचा पत्ता लिही. त्यानंतर या घरात काय होईल ते मला माहीत नाही. पत्र तुम्हाला मिळालं, तर समजा की त्याने वाचलं.

आंघोळीचं पाणी बंद झालं.

विभावरी
(वहिनी लिहिणार होते. ते तुम्ही ठरवा.)