संपायच्या तारखेवरचं स्टिकर

मंगळवार, सांजचे साडेसात

नेटवर्किंगची पहिली परीक्षा पास झालो तेव्हा आबांनी सर्टिफिकेट फ्रेम करून देवाशेजारी टांगलं. ते तीनच वर्षं चालतं, हे मी बोललोच नाही, जन्मभराचं आहे म्हणालो. संपायच्या तारखेवर गणपतीचं स्टिकर चिकटवलं आणि मग फ्रेमला दिलं. तेव्हाच का नाही सांगितलं? गावभर पेढे वाटून झाले होते, कोण सांगणार.

आज मामांनी फ्रेम पुसायला उघडली आणि स्टिकर निघालं.

"भाचा, हाई ते पुढला महिनामा संपी ऱ्हायनं."

आबा माझ्याकडे वळले. "तू ते सांगेल व्हतं, जलमभर चालस."

तीन वर्षं ते स्टिकर कुणाला दिसलं नाही, हेही कमी नाही म्हणा. पण मला मिळालेलं पुरुषोत्तमनगरचं वायफायचं काम या कागदावरच आहे, कागद गेला की काम गेलं. म्हणून मी केव्हाच ठरवलंय, तीच परीक्षा परत द्यायची नाही. वरची द्यायची, ती पास झालो की खालची आपोआप रिन्यू होते. अभ्यास झालाय, शनिवारचं सुरतचं सेंटरही बुक आहे, निकाल तिथंच लगेच कळतो. हे सगळं आबांना सांगितलं.

आबा म्हणाले, "मी बी संगे येसू. निकाल सोता देखसू."

चला म्हटलं. पास तर होणारच होतो, पण आबांना पहिलीच गाडी लागते, म्हणजे आता शनिवारी सकाळी पाचला उठावंही लागणार.