गुनवोरबाईंचं स्वच्छ रक्त

एल्मारीद,
९ जानेवारी

चि. तूवे हिस,
अनेक आशीर्वाद, आणि पोटातल्या जिवाला त्याच्या वाटणीचे वेगळे.

बातमी तू टीव्हीवर पाहिली असशीलच. तरी माझ्याकडून ऐक, कारण टीव्हीवाल्यांनी गावाचं नावसुद्धा धड घेतलं नाही. आपल्या नळाचं पाणी बंद झालंय. म्हणजे येतं, पण प्यायचं नाही आणि त्यात काही शिजवायचंही नाही. विमानतळावर आग विझवायच्या सरावासाठी जो फेस फवारायचे, तो वर्षानुवर्षं जमिनीत मुरून आपल्या खोल विहिरीत उतरला. त्यातल्या रसायनाला ना वास, ना चव, ना रंग. उकळूनही ते जात नाही. कधीपासून पीत होतो कोणाला ठाऊक नाही. तुझ्या जन्माच्या आधीपासून असावं, असं म्हणतात.

आता गंमत ऐक. नदीपलीकडच्या लोकांचं पाणी तळ्यातून येतं आणि ते स्वच्छ निघालं. आयुष्यभर आपण त्यांना माशाच्या वासाचं पाणी पिणारे म्हणून हसलो. आता त्यांचंच पाणी टँकरने आपल्या चौकात येतं आणि आपण डबे घेऊन रांगेत. तुझी मायब्रिट आत्या पहिल्या दिवशी फरकोट घालून आली, जणू नाटकाला निघालीय. पलीकडचे दातांचे डॉक्टर फोल्के, निवृत्त झालेत आता, टँकरशेजारी अशा थाटात उभे होते की पाणी त्यांच्याच खिशातून निघतंय. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाणीखात्याचा प्रमुख सध्या स्टेलान आहे. शाळेत माझ्या स्वयंपाकाच्या तासाला त्याचा केक दर वेळी करपायचा. काल सभेत त्याने सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. सांगताना दुकानातल्या बाटलीतलं पाणी पीत होता.

तू मात्र खरंच घाबरू नकोस. नीट खा, पाय वर करून बस, आणि नवऱ्याला भांडी घासू दे.

माझा लोभ काही टँकरने येत नाही, तेव्हा तो आटेल ही चिंता नको.
तुझी आई


गोथेनबर्ग,
१७ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोन करून दमले. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, रविवारीही नाही. मोबाइल पुन्हा कपाटात ठेवून विसरलीस ना? म्हणून हे पत्र.

इथल्या दवाखान्यातल्या सुईणबाईंनी परवा सहज विचारलं की तू मूळची कुठली. मी एल्मारीद म्हटलं आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग नदीच्या कोणत्या बाजूची, असं विचारलं. लगेच रक्त घेतलं. निकालाला वेळ लागेल म्हणाल्या.

आई, मला आठवतंय, दात किडतात म्हणून तू घरात सरबत येऊ द्यायची नाहीस. तहान लागली की पाणी. बाबा तर पाहुण्यांना आपलं पाणी असं वाढायचे की जणू तळघरातली जुनी वाइन. मी चिडलेले नाही. म्हणजे चिडलेय, पण नक्की कोणावर चिडायचं तेच समजत नाही. रात्री पोटावर हात ठेवून पडते आणि मनातल्या मनात बाळाची माफी मागते. नवरा म्हणतो, तुझी काय चूक. त्याला म्हटलं, चूक नसली तरी माफी मागता येते.

तूही तपासून घे. टाळाटाळ करू नकोस.

आणि हो, फोल्के डॉक्टरांकडे तू बघितलं नाहीस, हे मला इतक्या सविस्तर कळवायचं कारण काय? माझी दाढ उपटली तेव्हापासून मीसुद्धा त्यांच्याकडे बघत नाही, पण त्याबद्दल कोणाला पत्र लिहीत नाही.

आत्याला नमस्कार. तुझ्या उत्तराची वाट फोनच्या वाटेपेक्षा कमी बघावी लागो.
तूवे


एल्मारीद,
२३ फेब्रुवारी

चि. तूवे हिस,
अनेक आशीर्वाद.

झाली बाई तपासणी. शाळेच्या व्यायामशाळेत अख्खा गाव बाह्या वर करून उभा होता. आता निकाल आलेत आणि गावात दुसरा विषय नाही. भेटलं की पूर्वी हवापाण्याचं विचारायचे, आता थेट आकडा विचारतात. बेकरीत मलईचे पाव घ्यायला गेले, तर दोन नातवंडवाले आजोबा कोणाच्या रक्तात जास्त आहे यावरून इरेला पेटलेले. तुझ्या आत्याचा आकडा आमच्या गल्लीत सगळ्यात वरचा निघाला. पहिले दोन दिवस रडली. मग तिच्या लक्षात आलं की सगळे तिलाच भेटायला येतायत, आणि तिने चांगले कप बाहेर काढले.

माझा आकडा ठीक आहे. खरं तर बराच कमी आहे. नर्सला वाटलं बाटली बदलली, म्हणून तिने पुन्हा रक्त घेतलं, तर पुन्हा तेच. मी कॉफी जास्त पिते, त्यामुळे असेल. मी हे आत्यालाही सांगितलं. सांगायला नको होतं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत.

तुझा निकाल आला का? फोनवर सांगू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते. पत्रात लिही, म्हणजे मला एकटीला बसून वाचता येईल.

इथली थंडी ओसरतेय. माया तेवढी ओसरू देऊ नकोस.
तुझी आई


गोथेनबर्ग,
१ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आला. जास्त आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, त्यांनी खुर्ची जवळ ओढून समजावलं. यावर औषध नाही. शरीर ते हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने बाहेर टाकतं. मी विचारलं, दुधातून जातं का? म्हणाल्या, जातं. तरीही दूध पाजच, त्याचे फायदे मोठे आहेत. आणि पाजलं की आईच्या रक्तातलं कमी होतं, हेही त्या बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. म्हणजे बघ, माझं ओझं उचलायला मी एक एवढंसं माणूस जन्माला घालतेय.

असो. आता तुझ्याकडे वळते.

आई, कॉफी काय तू दगडातून पिळतेस? ती पाण्याचीच होते आणि पाणी आपल्याच नळाचं. आत्या भिंतीपलीकडे राहते, एकाच नळीचं पाणी पिते आणि तिचा आकडा गल्लीत पहिला. डॉक्टरीणबाईंना मी हे कोडं म्हणून घातलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्या आई कित्येक वर्षं घरी पाणीच पीत नसणार. माझ्या डोळ्यांसमोरून तुझे सगळे न उचललेले फोन गेले. नाताळात मी आले तेव्हा तुझ्या फ्रिजमध्ये एक मोहरीची बाटली आणि अर्धं लिंबू होतं. वयामुळे भूक कमी झालीय म्हणालीस. गालावर तर चांगलं तूप चढलं होतं.

पाणी कुठे पितेस, आई? आणि त्यांना माझी दाढ आठवते का?

आधी खरं लिही, मग लोभाचं बघू.
तूवे


एल्मारीद,
८ मार्च

चि. तूवे हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुधाचा मजकूर वाचून मी स्वयंपाकघरात बराच वेळ बसून राहिले. माझं रक्त तुला देता आलं असतं तर नर्सच्या दारात जाऊन झोपले असते. यावर विनोद सुचत नाही, तेव्हा पुढे जाते.

हो. त्यांच्याकडेच. त्यांना तुझी दाढ आठवते. म्हणाले, तू त्यांना चावली होतीस.

तुझे बाबा गेल्यावर मी चर्चच्या गायनात जायला लागले. माझा सूर लागायचा नाही आणि शेजारी गाणाऱ्या फोल्केंना ते ऐकू यायचं. म्हणून तालमीनंतर कॉफी. मग रात्रीचं जेवण, कारण एकट्यासाठी मासा कोण शिजवतो. मग हिवाळ्यात पुलावर बर्फ साचतो, तेव्हा नाश्ता. तेव्हापासून मी घरी फक्त कपडे आणि मांजर बदलायला येते, म्हणजे मांजराचं पाणी बदलायला. बघ, लिहितानाही गोंधळ होतोय. तुला सांगणार होते. दर नाताळात ठरवायचे आणि तू बाबांचा स्वेटर घालून बसायचीस. मग राहून जायचं.

पण आता हे नुसतं आपल्या घरातलं राहिलं नाही. आत्याने पसरवलेलं स्टेलानच्या कानावर गेलं. परवा सभेत लोकांनी मागणी केली की इथल्या मुलांची आणि इथे वाढलेल्यांच्या मुलांची दर वर्षी तपासणी व्हावी, म्हणजे तुझ्या बाळाचीसुद्धा. स्टेलान हसत उठला आणि म्हणाला, आपल्या गुनवोरबाईंचंच घ्या, जन्मभर हेच पाणी पिऊन बाई ठणठणीत आणि रक्त स्वच्छ. तेव्हा सगळा दोष पाण्याला देता येत नाही. हे रसायन न चिकटणाऱ्या तव्यांतून येतं, रेनकोटातून येतं. लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी मान हलवली आणि घरी आले. म्हणजे कुठे, ते तुला कळलंच असेल.

निर्णय वीस तारखेच्या सभेत होणार आहे. फोल्के म्हणतात, तू सांगशील तसं. मी या गावातल्या अर्ध्या लोकांना शिकवलंय, तूवे. त्यांच्यासमोर कसं सांगू?

रागावली असशील तर राग पाठव, पण पाकीट रिकामं नको.
तुझी आई


गोथेनबर्ग,
१२ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रागावलेय. तू कोणाकडे जेवतेस म्हणून नाही. इतकी वर्षं मी तुला एकटी समजून रविवारी रडत होते म्हणून. ते अश्रू परत कर.

बाबांचा स्वेटर ऊबदार आहे म्हणून घालते गं. त्यातून तुला काही सुचवायचं नव्हतं.

आणि सभेत काय करायचं हे तू मला विचारू नकोस. हो म्हटलं तर तुझी अब्रू मी वेशीवर टांगली असं होईल. एवढंच सांगते, बाळ हल्ली रोज लाथा मारतं.

माझा लोभ आहे. थोडा फुगलेला आहे, पण आहे.
तूवे


एल्मारीद,
२१ मार्च

चि. तूवे हिस,
अनेक आशीर्वाद.

काल व्यायामशाळेतल्या सभेला निळा ड्रेस घालून गेले. बदनामच व्हायचं तर नीटनेटकं व्हावं.

स्टेलानने पुन्हा माझंच नाव काढलं. मी हात वर केला. त्याला वाटलं मी त्याच्या बाजूने बोलणार, म्हणून त्याने स्वतः माइक आणून दिला. मी म्हटलं, "स्टेलान, माझं रक्त स्वच्छ आहे कारण मी तुझं पाणी पीतच नाही. कित्येक वर्षं मी फोल्के डॉक्टरांच्या घरी जेवते. नाश्तासुद्धा तिथेच करते."

नाश्ता हा शब्द व्यायामशाळेत बराच वेळ घुमला. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. कोणीतरी नाव पुकारल्यासारखे उठून उभे राहिले, कान लालेलाल, आणि पुन्हा खाली बसले.

मग तुझी आत्या उठली. मला वाटलं आता भावाच्या नावाने रडेल. ती शांतपणे म्हणाली, हे तिला पहिल्या हिवाळ्यापासून ठाऊक आहे. माझ्या खोलीतला दिवा (त्याला मी टायमर लावलाय) रोज ठरल्या वेळी लागतो आणि ठरल्या वेळी विझतो, जिवंत माणूस इतकं शिस्तीत राहत नाही. लोक हसायला लागले. ते थांबेपर्यंत ती थांबली आणि स्टेलानकडे वळली. "हिच्या रक्ताचं कारण कळलं. आता माझ्या रक्ताचं सांग. मी नाश्ता घरी करते."

त्यानंतर कोणी हसलं नाही. स्टेलान कागद चाळत राहिला. मागच्या रांगेत एका बाईने लहान मुलाला उचलून खांद्यावर घेतलं, मग दुसरीने. मतदान झालं. तपासणी मंजूर. इथे वाढलेल्यांच्या मुलांचीही, ती कुठेही जन्मली तरी.

बाहेर आल्यावर मी आत्याला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, तू सुखात दिसत होतीस आणि मला खिडकीतून बघायला काहीतरी मिळत होतं.

गावाने माझ्यावरचा लोभ काढून घेतला नाही, तू घेशील असं वाटत नाही.
तुझी आई


गोथेनबर्ग,
४ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलंच, पण ते नीट झालं नाही. दोघीही रडलो आणि दोघीही ओरडलो. मुलगी आहे. केस तांबूस, नाक दुर्दैवाने आत्याचं.

दूध पाजतेय. पहिल्या वेळी तिला नुसतीच धरून बसले. वाटलं, हिला विचारलं तरी पाहिजे. तिने मात्र काही विचार केला नाही, सरळ प्यायला लागली आणि पोट भरल्यावर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी या घरात कामाला आहे. भीती गेली नाही. पण ती आता माझ्या शेजारी बसते, छातीवर नाही. तिचं रक्त दर वर्षी बघतील. त्याचं पहिलं पत्र आलंसुद्धा, तिला अजून नाव नाही तरी.

डॉक्टरांना घेऊन ये. म्हणावं, हिला दात नाहीत, त्यामुळे कोणालाच धोका नाही.

तुमच्या दोघांच्याही लोभाची भुकेली,
तूवे


एल्मारीद,
१० मे

चि. तूवे हिस आणि बिननावाच्या माझ्या छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी येतो. तिघं येतो, कारण नाकाची खात्री करायला आत्याही निघालीय.

तुला कळवायचं म्हणजे, आपल्या विहिरीवर नवीन गाळणी बसली. तपासून झालं, पाणी स्वच्छ आहे. परवा मी घरच्या नळाचा पेला भरला, बराच वेळ धरून उभी राहिले आणि प्यायले. चव पूर्वीचीच आहे. तेच तर मला आवडलं नाही.

फोल्केंना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, आता तुला पूल ओलांडायला काही कारण उरलं नाही. मी म्हटलं, नाही उरलं. मग टोपी घातली आणि त्यांच्याबरोबर पूल ओलांडला, भर दुपारी, सगळ्या गावासमोर, काहीही कारण नसताना.

भेटीत मिठी देईनच. तोवर या कागदावर भागव.
तुझी आई