मागच्या काचेचा वायपर

१२ ऑक्टोबर १९७२
भिंगारहून गाडी रंगवून आणली. दुधी रंग. पेंटर अभिमानानं दाखवत होता. मागचा दरवाजा पार उतरवून रंगवलाय, बिजागरीपासून नटबोल्टापर्यंत. "साहेब, नखाएवढी जागा सोडली नाही."
वसंताला कळवलेलं नाही. धाकटा भाऊ तीन वर्षांनी जर्मनीहून दिवाळीला येणार, दारात गाडी बघून त्यानं थबकायला हवं. गाडी खरं तर त्याचीच. जाताना म्हणाला होता, "दादा, दोन वर्षं सांभाळ."

१७ ऑक्टोबर, दसरा
गाडी पुसली, हार घातला, मालतीनं कुंकू लावलं. व. इथं असताना दर दसऱ्याला एक चाळा करायचा. मागच्या वायपरला झेंडूचं फूल अडकवून बटण दाबायचा. फूल या टोकाचं त्या टोकाला. गल्ली जमायची. आज मी अडकवलं, बटण दाबलं. वायपर ढिम्म.
हा त्यानं स्वतः बसवलेला, मोडीतल्या जीपची मोटार घेऊन. स्टेशनवॅगनची मागची काच धूळ ओढून घेते म्हणून. मागं वायपर असलेली दुसरी गाडी मी नगरमध्ये पाहिलेली नाही.
मा. म्हणाली, "पुढं पावसाचा थेंब नाही, नि यांना मागचं पुसायचंय." हसली. मग तिनंच फूल काढून देवापुढं ठेवलं.

३० ऑक्टोबर
व.चा एअरोग्राम. चार ओळी. रजा मिळत नाही, प्रकृतीस जप, वहिनीस नमस्कार. मा.नं करंज्यांचं सारण करायला घेतलं होतं, ते झाकून ठेवलं.
पाचच्या एसटीनं पुण्याला पेपरकडं मजकूर पाठवायचा होता. पाठवला. पारनेरकडची दुष्काळी खडीकामं, दीड पान. एकही खाडाखोड नाही.

४ नोव्हेंबर
व.ला उत्तर लिहायला बसलो. 'ये' लिहावं तर त्याच्यावर ओझं. 'सवडीनं ये' लिहावं तर...
शेवटी वायपर बंद पडल्याचं लिहिलं. आणखी काही सुचलं नाही.

२४ नोव्हेंबर
उत्तर! कागद पूर्ण भरलेला, कडेनंसुद्धा. "दादा, आधी फ्यूज बघ. मग मोटार थेट बॅटरीला लाव. फिरली तर मोटार सोडून दे आणि वायर बघ. तू घाईत असतोस, एकेक पायरीनं जा." तीन वर्षांत इतका बोलला नव्हता. खाली: "बटणाखाली मी काळी चिकटपट्टी लावली होती, ती आहे का अजून?"
आहे. जाऊन हात लावून पाहिली.

२ डिसेंबर
सावळेराम मिस्त्री आले. भिंगारचे, लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त. व. वायरिंग शिकला तो यांच्याच हाताखाली. फ्यूज ठीक. मोटार दोन वायरींनी थेट बॅटरीला लावली, गरगर फिरली. मग मोटारीकडं येणारी वायर सोडवली, टेस्ट-लॅम्पचं एक टोक तिला, दुसरं बंपरला. लख्ख पेटला.
"मोटार ठणठणीत हाय. करंट बी हितवर येतोय. तरी फिरंना."
"मग?"
"मंग काय, ज्यानं बसवलं त्यालाच इचारा. तुमच्या भावाचं काम त्याच्यावानीच. आतलं काई बाहेर दिसू देत न्हाई." जाताना माझ्याकडं बघून, "पेपरवाले, पाऊस पडू द्या तर आधी!"
लॅम्प ठेवून गेले.

१५ डिसेंबर
दिवेलागणीला केडगावच्या नाक्यावर हवालदारानं अडवलं. मागच्या नंबरप्लेटचा दिवा बंद. "तुम्ही पेपरात आम्हाला छापता, नि तुमचीच गाडी अशी?" नवा बल्ब घातला. तरी लागत नाही. व.ला लगेच कळवलं नाही. पुढच्या पत्राला विषय म्हणून राखून ठेवलं.

२९ डिसेंबर
व.चं पत्र. "बंद पडण्याआधी गाडीचं काही काम करून घेतलंस का? आठवून लिही."
रंगाचं सांगितलं तर सगळी गंमत जाणार. 'काही नाही' असं लिहून टाकलं. पंचवीस वर्षं बातम्या देतोय, जाणूनबुजून खोटी एकही दिली नव्हती.

१९ जानेवारी १९७३
पत्र, सोबत आकृती. शेवटी: "दादा, आता कुणाला हात लावू देऊ नकोस. मीच येऊन बघतो."
तारीख नाही. मा.नं ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली, मग कागद माझ्याकडं न देता घडी करून आत नेला.

२१ जानेवारी
हात लावायचा नव्हता. आकृती घेऊन गाडीमागं नुसता उभा होतो. आकृतीत मोटारीला वायर एकच. परतीची वायर नाहीच. करंट दरवाजाच्या पत्र्यातून बिजागरीत, तिथून गाडीच्या अंगात. व.नं बाण काढलेत. नंबरप्लेटचा दिवाही त्याच दरवाजावर.
टेस्ट-लॅम्प आणला. एक टोक वायरीला, दुसरं बंपरला: पेटला. दुसरं दरवाजाच्या आतल्या, रंग न लागलेल्या स्क्रूला: नाही.
बिजागरी बघितली. दुधी, गुळगुळीत. सांध्यासांध्यात रंग. करंटची परतीची वाट रंगानंच बुजवलेली.
वायर परत जोडली. एक तुकडा घेऊन स्क्रू आणि बंपर यांना टेकवून धरला, मा.ला पुढं बसून बटण दाबायला सांगितलं. वायपर फिरला. धुळीत अर्धगोल उमटला, त्यातून मा. दिसली, मागं वळून बघत असलेली.
"फिरला?"
"फिरला."
तुकडा काढून घेतला.

२३ जानेवारी
व.ला लिहिलं. वायपर अजून बंदच आहे, तू सांगितलंस तसं कुणाला हात लावू दिलेला नाही. पत्र चिकटवायचं ठेवून पाचची एसटी गाठायला गेलो.
परत येऊन बघतो तर कडेच्या कोऱ्या जागेत मा.चं अक्षर: "भाऊजी, दसऱ्याआधी गाडीला रंग दिला. तुम्ही येणार म्हणून. पार बिजागरीपर्यंत."
"हे काय केलंस?"
"काय केलं? त्यांनी विचारलं होतं ना, काय काम केलंत म्हणून."
"बिजागरी वाचली की त्याला सगळं कळेल."
"कळू दे." भाजी निवडत होती, वर बघितलं नाही. "वायपरसाठी आले तर वायपर लागला की जातील, अहो."

२४ जानेवारी
सकाळी पोस्टाच्या पेटीपाशी बराच वेळ उभा. दुसरा कोरा एअरोग्राम खिशात होता. मा.ची ओळ असलेलाच टाकला. तळाला पडल्याचा आवाज आला. पेटी रिकामी असावी.
उत्तराला अठरा-वीस दिवस. आलं तर.
दुपारी राहुरीला जाऊन आलो. मागची काच धुळीनं भरली, येताना मागचं काही दिसत नव्हतं. वायरचा तुकडा पुढच्या खणात ठेवलाय. बिजागरी खरवडलेली नाही.